बियाची खोली

मामाच्या बियाच्या खोलीत डी.डी.टी. मी मारून घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. फवारणीवाले तर नको म्हणत होते. मी एकोणीस वर्षांचा होतो, चांद्याहून दुसऱ्या खेपेला का होईना मॅट्रिक झालो होतो, आणि मला सगळं कळत होतं. आज मला जेवढं कळतं त्याच्या तिप्पट तेव्हा कळत होतं. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणायचे, आणि चांद्याला शिकून आलेला पोरगा आरमोरीत पायजमा घालून हिंडायला लागला की लोक त्याला वाट द्यायचे. ती वाट मानानं देतात की धोतरावर चिखल उडू नये म्हणून देतात, याचा विचार मी केला नव्हता.

मामाचं नाव बकाराम. गाव त्याला बकारामभाऊ म्हणायचं. माझे वडील लवकर गेले आणि आई मला घेऊन भावाकडे आली, तीही दोन वर्षांत गेली, म्हणून मी मामाचाच. त्याचा कोशाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चिमणी-बिमणी काही नाही. लांब कवेलूची पडवी, तिच्यात चौदा माग, मागच्या अंगणात चुली, आणि चुलींवर राखेच्या पाण्यात शिजणारे कोसे. त्या शिजण्याला एक वास असायचा. नवा पाहुणा नाक धरायचा, आम्हाला तो वास नसला तर घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटायचं. पाच-सहा बाया अंगणात पाय पसरून बसत, शिजलेल्या कोशाचा तंतू मांडीवर वळत, आणि वळता वळता साऱ्या गावाचा निकाल लावत. पडवीतून मागांची खटक-खट, खटक-खट. दुपारी जेवणासाठी माग थांबले की एकदम कान बसल्यासारखे व्हायचे, आणि मग नदीकडच्या होल्यांचं घुमणं ऐकू यायचं.

कोसा म्हणजे रानातलं रेशीम. त्याचा किडा घरात टोपलीत वाढत नाही, जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर उघड्यावर वाढतो, आणि त्याला कावळे, मुंग्या, माकडं यांच्यापासून कुणीतरी रात्रंदिवस राखावं लागतं. हे काम वैनगंगेच्या अंगच्या गावांतले ढिवर करत. एरवी मासे धरणारी ही माणसं किडे झाडावर असेतोवर मासा तोंडात घालत नसत. एक वेळ हातानं रांधून खायचं, तेल नाही, हळद नाही, दाढी नाही, बायकोच्या वाऱ्याला जायचं नाही. पण सगळ्यात अवघड गोष्ट राखण नव्हती, बी टिकवणं होती. हिवाळ्यात निवडून ठेवलेले जिवंत कोसे उन्हाळाभर सांभाळायचे, मृगाच्या सुमाराला त्यांतून पाखरं निघणार, ती अंडी घालणार, त्या अंड्यांवर पुढचं साल. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे झोपडीत टांगलेला कोसा आतल्या आत भाजून निघायचा. म्हणून मामानं घरामागं एक खोली बांधली होती. हातभर जाड मातीच्या भिंती, वर दुहेरी छप्पर, दाराला वाळ्याची ओली ताटी. सहा गावांचं बी त्या एका खोलीत, दोऱ्यांच्या माळांवर टांगलेलं असायचं. आत फक्त मामा जायचा, तोही आंघोळ करून, ओल्या धोतरानं.

हे बी मामा विकत नसे. कुणी पैसे द्यायला लागलं तर त्याला राग यायचा. ज्याच्याकडे जेवढी झाडं तेवढी अंडी त्यानं पळसाच्या पानाच्या दोन्यात न्यायची, आणि पीक आलं की आपल्या निवडक कोशांची एक माळ आणून मामाच्या हातात द्यायची, बस. कोसे मात्र तो विकत घ्यायचा, आणि गडचिरोलीच्या बाजारात जो भाव निघेल त्याच्यापेक्षा कमी कधी दिला नाही. ढिवरांच्या घरी लग्न असलं की नवरीचं कोशाचं लुगडं मामाच्या मागावरून जायचं. बाजाराच्या दिवशी आमच्या पडवीत पंगत बसायची, आणि मामी मोजायच्या भानगडीत न पडता भात टाकायची.

त्या पंगतीला फोडणी मात्र नसायची. होळीपासून मृगापर्यंत आमच्या घरात फोडणी बंद. बियाला तेलाचा धूर लागू नये म्हणून. सकाळी पेज, दुपारी भात, हळदीशिवायचं पांढरंच वरण, मीठ, कच्चा कांदा, आंब्याचं रायतं, संध्याकाळी आंबील. चांद्याच्या खानावळीत तिखट रस्सा खाऊन आलेल्या माझ्या जिभेला हे म्हणजे दवाखान्याचं जेवण. मी बाजारात जाऊन कढईतली भजी खायचो आणि घरी आलो की मामी आधी माझे हात हुंगायची. मग मागच्या अंगणात यायला मला बंदी, संध्याकाळपर्यंत मी ओसरीवर, वाळीत टाकल्यासारखा. मी तिला सांगायचो की हे सगळं अज्ञान आहे, धुरानं पाखराचं काही होत नाही. ती म्हणायची, होत नसन बापा, पन तू तिथंच बस.

मामा मात्र माझं सगळं कौतुकानं ऐकायचा. त्याला स्वतःला सही येत होती, तीही सावकाश. ढिवरांच्या पोरांनी शाळेत जावं हे त्याचं एकच वेड. पंगतीत तो मला मधोमध उभा करायचा आणि म्हणायचा, हा पाहा, माहा भाचा, मॅट्रिक. मी छाती काढून उभा राहायचो, जत्रेतल्या पाच पायांच्या बैलासारखा. पहांदीटोला नावाच्या गावातला मंगरू, सगळ्या राखणदारांत वडील माणूस, माझ्याकडे बराच वेळ बघून एकदा म्हणाला होता की पोरगा उंच झाला. शिक्षणाबद्दल तो काही बोलला नाही. पण मामानं सोडलं नाही, आणि त्या उन्हाळ्यात मंगरूनं कबूल केलं की नातवाला मृगानंतर शाळेत धाडतो. त्याच्या मागून आणखी चार घरांनी माना हलवल्या. मामा त्या दिवशी दोनदा जेवला.

आता मामाच्या हिवतापाबद्दल. पावसाळ्याच्या आगेमागे त्याला थंडी वाजून ताप यायचा, चार गोधड्या टाकल्या तरी खाट वाजायची. कुनैन घेऊन घेऊन तो अर्धा बहिरा झाला होता. आणि हा माणूस उन्हाळाभर झोपायचा कुठे, तर बियाच्या खोलीच्या दाराशी, उंदीर आणि मुंग्यांवर नजर ठेवायला. अंधारी, थंड, ओली खोली. माझ्या मॅट्रिकच्या पुस्तकात डासांचं घर असंच काढलेलं होतं.

रोहिणीत फवारणीवाले गावात आले. खाकी चड्ड्या, पाठीला पंप, बादल्यांत पांढरं औषध. हिवताप घालवायचं सरकारचं काम होतं ते, आणि त्यांनी ते नीटच केलं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. नेमकं त्याच दिवशी एका विणकराची बायको अडली आणि मामानं बैलबंडी जुंपून तिला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. मामीही सोबत गेली. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे. ताटीवर पाणी मारत जा, एवढंच काम होतं. ते सोडून मी बाकी सगळं केलं.

घरं झाली, पडवी झाली, आणि फवारणीच्या मुकादमानं कुलूप लावलेल्या खोलीपाशी थांबून विचारलं की इथी कोसा टांगला हाये म्हनते. मी हो म्हटलं. तो म्हणाला, बाबू, हे औषध किड्याचंच हाये, राहू द्या. आता गप्प बसायचं की नाही? मी त्याला व्याख्यान दिलं. एक कोसा बाहेर आणून दाखवला, दारावर ठक ठक वाजवला. पाहा म्हटलं, दगडासारखं कवच आहे, चारी बाजूंनी बंद, आत औषध जाईल कसं? ते बरोबरच होतं. आत औषध जात नाही. पाखरू बाहेर येतं. ही एवढी गोष्ट, जी मांडीवर तंतू वळणारी कुठलीही बाई मला सांगू शकली असती, ती माझ्या डोक्यात आली नाही. मुकादमानं खांदे उडवले, माणसं आत गेली, भिंती, छप्पर, माळा, सगळं पांढरं करून आली, आणि जाताना दारावर खडूनं तारीख लिहून गेली. त्या दिवशी मी मामाच्या तापाचा कायमचा बंदोबस्त केला म्हणून स्वतःवर इतका खूश होतो की संध्याकाळी पुन्हा भजी खाल्ली.

मामा चौथ्या दिवशी परतला तो अंगात ताप घेऊनच. बाई सुटली होती, मुलगी झाली होती, त्यामुळे तापानं सुकलेल्या ओठांनीही तो हसत होता. आठ दिवस तो आतल्या घरात पडून. खोलीची जबाबदारी माझीच राहिली. नवव्या दिवशी आंघोळ करून तो खोलीत गेला, बाहेर आला आणि भिंती पांढऱ्या कशा म्हणून विचारलं. तोवर वास गेला होता. मी त्याला सगळं अभिमानानं सांगणार होतो, पण ओल्या धोतरातला तो थरथरता माणूस बघून एकाएकी मला वाटलं की हा रागावेल. मी म्हटलं, चुना मारून घेतला. मामा म्हणाला, बरं केलंस. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर माळा बाहेर काढता आल्या असत्या, कोसे धुता आले असते, अर्धं तरी वाचलं असतं. तेव्हा पाखरं निघायला अजून पाच दिवस होते.

मृगात, ठरल्या सकाळी, सहा गावांची माणसं आली. चाळीसेक असतील. दाढ्या वाढलेल्या, पहाटे नदीत बुडी मारून आलेली, हातांत पळसाचे ओले दोने. बाया आल्या नव्हत्या, येत नसत. माणसं अंगणात उकिडवी बसली. कुणी बिडी ओढत नव्हतं, त्यामुळे अंगण उगीच मोठं वाटत होतं. आदल्या संध्याकाळी पाखरं निघायला लागली होती हे मामानं पंखांच्या आवाजावरून ओळखलं होतं आणि आत न जाता दार लोटून ठेवलं होतं, कारण जोड लागताना माणसानं जवळ जायचं नसतं. आता तो आत गेला. मी त्याच्या मागं उंबऱ्यापर्यंत. सगळी जमीन पाखरांनी भरलेली होती. तळहाताएवढी, पिवळसर तपकिरी, प्रत्येक पंखावर एक एक आरशासारखं गोल. ती मेली नव्हती. उलटी पडून थरथरत होती, सगळी एकदम, आणि त्या हजार पंखांचा जमिनीवर घासण्याचा आवाज येत होता, कोरड्या पानांतून कुणीतरी चाललंय असा. काही अर्धीच कोशाबाहेर आली होती आणि तिथंच लटकून पाय झाडत होती. अंडी कुठेच नव्हती. आजही कुठे लग्नात कोशाची साडी नेसलेली बाई जवळून सळसळत गेली की मी खुर्ची बदलतो. नातेवाईक म्हणतात, म्हातारा विक्षिप्त झाला.

मामानं भिंतीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे वळला.

“काय मारलंस?”

“डी.डी.टी.”

“चुना म्हनला होता ना तू.”

 तो ओरडेल असं वाटलं, एक ठेवून देईल असं वाटलं. अजूनही वाटतं की ठेवून द्यायला हवी होती. त्यानं दाराबाहेर नजर टाकली. तिथं सगळ्यात पुढं मंगरू बसला होता आणि त्याच्या बाजूला त्याचा नातू, ज्याला मृगानंतर शाळेत घालायचं होतं, आजासारखाच उकिडवा. मामा अगदी हळू म्हणाला, “तू बोलू नको. शिकलेल्या पोरानं बी मारलं म्हनतीन, मंग एक भी पोरगं शाळेत येनार नाई.”

आणि तो बाहेर गेला. दार ओढून त्याच्यावर पाठ टेकून उभा राहिला. ती खडूची तारीख त्याच्या ओल्या पाठीला पुसली गेली.

“मंगरू, बी मेलं,” तो म्हणाला. “माह्या हातून चुकलं. तापात होतो, आंग न धुता आत गेलो. बाळंतिणीच्या बंडीवरून आलो होतो अन् तसाच गेलो.”

 मंगरूनं एकदाच विचारलं, सगळंच का. मामानं मान हलवली. मंगरू उठला, हातातले दोने त्यानं तुळशीजवळ नीट एकावर एक ठेवले, मामाला हात जोडले आणि निघाला. त्याच्या मागून सगळे. मामीनं भात टाकला होता, चाळीस माणसांचा. कुणी जेवलं नाही.

ते साल गेलं. बी नाही म्हणून सहा गावांची माणसं बांबू तोडायला दूर आलापल्लीकडच्या जंगलात गेली, काही बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत गेली. मला वाटलं, एक साल. मामा हिवाळ्यात स्वतः भंडाऱ्याकडे गेला, तिकडच्या लोकांच्या हातापाया पडून निवडक कोसे आणले. खोलीच्या भिंती खरडल्या, नव्या मातीनं लिंपल्या. पुन्हा होळीपासून फोडणी बंद. मी त्या उन्हाळ्यात एकही भजं खाल्लं नाही, जसं काही तेवढ्यानं फिटणार होतं. मृगात पाखरं निघाली, धडधाकट, जोड लागली, अंडी घातली. मामा आंघोळ करून अंगणात बसला.

कुणी आलं नाही. दुपारपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मामीनं मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर. ज्याच्या हातून विटाळानं बी मेलं, त्याच्या हातचं बी पुन्हा घ्यायचं नसतं. राग म्हणून नाही, ती रीत होती. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. मंगरूसमोर दाराला पाठ लावून उभा राहिला तेव्हा त्याला ते पुरतं माहीत होतं; फक्त मला माहीत नव्हतं, मॅट्रिकच्या पुस्तकात ते नव्हतं. मला वाटत होतं तो माझ्यासाठी एक खोटं बोलला. त्यानं आपला हात तोडून दिला होता.

अंडी फुटली, केसासारखे किडे निघाले. मामानं तळ्याच्या पाळीवरच्या सात येनाच्या झाडांवर ते स्वतः चढवले आणि साठीच्या वयात गोफण घेऊन तिथं राखण बसला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, शाळेत जा. पंधरा दिवसांत मुंग्यांनी आणि कावळ्यांनी झाडं साफ केली. मामा घरी आला, गोफण खुंटीला अडकवली आणि जेवायला बसला.

शाळेत जा म्हणाला, कारण तोवर मी मास्तर झालो होतो. मामाच्याच शब्दानं, पहांदीटोल्याजवळच्या शाळेत. पाच पोरं येणार होती त्यांतली तीन आली, मंगरूचा नातू त्यात होता. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप बांबूवर गेले आणि पोरंही गेली. त्या वर्षी मी हजेरीपट समोर ठेवून आरोग्याचे धडे रिकाम्या वर्गाला शिकवले. इन्स्पेक्टर आले तर असावं म्हणून फळ्यावर डासाचं चित्रही काढलं होतं, आणि चित्र चांगलं आलं होतं.

या दोन वर्षांत मंगरूला खरं सांगायला मी तीनदा निघालो. एकदा नाल्याला पाणी होतं. गुडघ्याएवढंच होतं, मी ते छातीएवढं धरलं. दुसऱ्यांदा मंगरू घरी नसेल असं मला रस्त्यातच वाटलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या अंगणापर्यंत पोचलो, त्यानं पाणी दिलं, मी ते प्यालो, नातवाच्या अक्षराची स्तुती केली आणि परत आलो. मामानं बोलू नको म्हटलं होतं, हे कारण माझ्याकडे तयार असायचं. आज्ञाधारक भाचा.

कारखान्यात एकेक माग थांबत गेला. बाहेरून कोसे आणून काही दिवस चाललं, मग विणकर सुती कापडाकडे गेले. अंगणातल्या बाया आधी तीन झाल्या, मग एक, ती सवयीनं यायची आणि नुसती बसायची. शिजणाऱ्या कोशांचा वास गेला. बाजाराच्या दिवशी मामी भात टाकायची, तो दुसऱ्या दिवशी आम्ही ताकात कालवून खायचो. मामा बियाच्या खोलीच्या दाराशी खाट टाकून झोपायचा, आत काही नसताना. हिवताप मात्र त्याला त्यानंतर एकदाही आला नाही. गावातूनच गेला. माझी कल्पना तेवढी बरोबर होती. तिसऱ्या हिवाळ्यात, अंगात कसलाही ताप नसताना, एका सकाळी पेजेची वाटी हातात धरून बसल्या बसल्या मामा गेला.

तेरवीला मंगरू आला. सहा गावांतून तो एकटाच. पंगतीत टोकाला बसला आणि खाली मान घालून जेवला. त्या दिवशी घरात तेलाचे वडे होते, मामी एकही वडा न खाता वाढत होती. जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या अंगणात आला आणि मी त्याच्या हातावर पाणी घालता घालता सगळं सांगून टाकलं. औषध, चुना, मामा आत काय म्हणाला, बाहेर काय म्हणाला. पोरांच्या शाळेसाठी, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. मंगरूनं तांब्या रिकामा होईपर्यंत हात धुतले. धोतराला पुसले. मला वाटलं तो माझ्या खांद्यावर हात ठेवेल.

“तवाच सांगतला असता, तं आमी तुले पोटभर शिव्या देल्लो असतो अन् पुढच्या साली भाऊच्या हातचं बी नेलो असतो,” तो म्हणाला. “शिव्याच तं खा लागत होतं तुले, मास्तर. तेवढं भी तुह्यानं झालं नाई.”